अक्कलदाढ : तिची अडचण, शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस

माणसाच्या तोंडातील बत्तीस दातांपैकी सर्वांत शेवटी उगवणाऱ्या चार दाढांना अक्कलदाढा असे म्हणतात. वर आणि खाली, उजवीकडे आणि डावीकडे, जबड्याच्या अगदी मागच्या टोकाला त्यांची जागा असते. साधारणपणे सतराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत त्या हिरडीबाहेर येतात. माणसाला समज येण्याच्या वयात येणारी दाढ म्हणून तिला हे नाव पडले आणि ही कल्पना केवळ आपल्याकडचीच नाही. लॅटिन आणि अरबी या दोन्ही भाषांतील तिच्या नावांचा अर्थ बुद्धीची दाढ असाच आहे. तुर्की भाषेत तिला विसाव्या वर्षाचा दात म्हणतात, तर जपानी भाषेतील तिच्या नावाचा अर्थ ‘आईबापांना ठाऊक नसलेली’ असा होतो. दुधाचे दात येताना आईचे लक्ष असते. ही दाढ येते तेव्हा मूल मोठे होऊन आईबापांच्या नजरेआड गेलेले असते, असा त्यातील भाव आहे.

या दाढेने दिलेला त्रासही जुनाच आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात माणसाच्या शेवटच्या दाढा विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात असे नोंदविले असून, ऐंशी वर्षांवरील काही स्त्रियांना त्या उतारवयात आल्याचे आणि त्या वेळी अतिशय वेदना झाल्याचेही सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या वर्णनात ‘अधिमांसक’ नावाचा एक विकार आहे. जबड्याच्या सर्वांत मागच्या दाढेपाशी मोठी सूज येते, तीव्र वेदना होतात आणि तोंडातून लाळ गळते, अशी त्याची लक्षणे दिली आहेत. अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजल्याने आजचा दंतवैद्य जे पाहतो, त्याच्याशी हे वर्णन तंतोतंत जुळते. त्यावरील उपायही शस्त्राचाच सांगितला आहे : वाढलेले मांस छेदावे आणि त्यावर वेखंड, पाठा, सज्जीखार इत्यादींचे चूर्ण मधात कालवून लावावे.

जागा अपुरी का पडते

जी दाढ आपल्या नेहमीच्या जागी पूर्णपणे उगवू शकत नाही आणि शेजारच्या दाढेला, हाडाला किंवा जाड हिरडीला अडून जबड्यातच राहते, तिला रुतलेली किंवा अडकलेली दाढ म्हणतात. कोणताही दात असा अडकू शकतो. परंतु खालच्या जबड्यातील अक्कलदाढ सर्वांत अधिक वेळा अडकते. याचे साधे कारण असे की, ती सर्वांत शेवटी येते. आधीच्या दातांनी आपापल्या जागा धरलेल्या असतात आणि मागे जबड्याचा उभा भाग सुरू झालेला असतो. या दोहोंच्या मधल्या जागेत जर तिची रुंदी मावली नाही, तर ती वाकडी होते, आडवी पडते किंवा अर्धीच वर येते.

ही जागा अपुरी का पडते, याचा संबंध माणसाच्या आहाराशी जोडला जातो. कंदमुळे, कच्चे धान्य आणि चिवट मांस चावून खाणाऱ्या आदिमानवाच्या जबड्याला लहानपणापासून भरपूर काम मिळत असे. हाडाची वाढ त्यावर पडणाऱ्या ताणावर बरीच अवलंबून असते. शेती आली, अन्न दळून आणि शिजवून खाण्याची रीत रूढ झाली, आणि जबड्यावरील ताण कमी झाला. दातांचा आकार मात्र मुख्यतः आनुवंशिकतेने ठरत असल्यामुळे तो त्या प्रमाणात घटला नाही. प्राचीन शिकारी समाजांच्या जबड्यांत अक्कलदाढेला बहुधा पुरेशी जागा आढळते आणि अर्वाचीन माणसाच्या जबड्यात ती अनेकदा आढळत नाही, ती यामुळेच. अर्थात या नियमालाही अपवाद आहेत. फ्रान्समधील काप ब्लां येथे १९११ साली सापडलेला आणि पुढे शिकागोच्या फील्ड संग्रहालयात ठेवण्यात आलेला एका तरुण स्त्रीचा सांगाडा शेतीपूर्व काळातील, हजारो वर्षांचा जुना आहे; तिच्याही जबड्यात अडकलेल्या अक्कलदाढा आढळून आल्या आहेत.

सर्वच माणसांना चारही अक्कलदाढा असतात असे नाही. साधारणतः पाच माणसांमागे एकाच्या जबड्यात त्यांपैकी एक किंवा अधिक दाढा मुळात तयारच होत नाहीत. यात कोणतेही व्यंग नाही आणि अशा माणसाचे काही अडतही नाही.

अडकण्याचे प्रकार

शस्त्रक्रिया सोपी की अवघड, हे दाढ कोणत्या अवस्थेत अडकली आहे यावर ठरते. म्हणून तिच्या स्थितीचे वर्गीकरण करणे आवश्यक ठरले. अमेरिकेतील जॉर्ज विंटर यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाढेच्या कलावरून जे प्रकार पाडले, ते आजही जगभर वापरले जातात. पुढच्या दाढेकडे झुकलेली दाढ हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात दाढ सरळ उभी असते, परंतु वर येत नाही. तिसऱ्यात ती संपूर्ण आडवी पडलेली असते. चौथ्यात ती मागे, म्हणजे जबड्याच्या उभ्या भागाकडे कललेली असते. पाहणाऱ्याला आडवी दाढ सर्वांत कठीण वाटते. पण खालच्या जबड्यात मागे कललेली दाढ शल्यविशारदाला अनेकदा अधिक त्रास देते, कारण तिला बाहेर काढण्याची वाटच हाडाने अडविलेली असते.

पेल आणि ग्रेगरी या दोघांनी १९३३ साली यात आणखी दोन गोष्टींची भर घातली. एक म्हणजे दाढ किती खोल आहे. शेजारच्या दाढेच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला आहे, तिच्या मानेपाशी आहे, की त्याहूनही खाली आहे. दुसरी म्हणजे जबड्याच्या उभ्या भागापुढे तिला किती जागा मिळाली आहे. कल, खोली आणि जागा या तीन गोष्टी कळल्या की हत्यार हाती घेण्यापूर्वीच कामाचा बराचसा अंदाज बांधता येतो.

उपद्रव आणि धोका

पूर्णपणे हाडात बुडालेली दाढ कित्येकदा जन्मभर निमूट पडून राहते. अर्धवट वर आलेली दाढ अधिक उपद्रवी असते. तिच्या माथ्यावर हिरडीचा एक पदर झाकणासारखा राहतो. त्याखाली अन्नाचे कण साठतात, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. वरची दाढ त्या सुजलेल्या पदरावर आपटू लागली म्हणजे घास चावणेही अशक्य होते. तोंड उघडत नाही, गिळताना दुखते, ताप येतो. हा विकार बहुधा विशीतील तरुणांना होतो आणि एकदा बरा झाला तरी पुन्हा पुन्हा उद्भवतो.

क्वचित प्रसंगी हा संसर्ग पुढे पसरतो. खालच्या अक्कलदाढेची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूस, जिभेखालच्या आणि गळ्याच्या मऊ भागांना अगदी लागून असतात. तेथे पू शिरला तर जिभेचा तळ वर उचलला जातो आणि श्वासमार्ग दाबला जातो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा घातक विकार प्रतिजैविकांच्या शोधापूर्वी बहुतेक रोग्यांचा प्राण घेत असे. आजही तो तातडीचाच प्रसंग मानला जातो. हनुवटीखाली टणक सूज, तोंडाबाहेर येऊ पाहणारी जीभ, गिळता न येणे आणि श्वासाला त्रास ही लक्षणे दिसताच रोग्याला क्षणाचाही विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. दाढदुखी म्हणून घरगुती उपायांत घालविलेली एक रात्र अशा वेळी जिवावर बेतू शकते.

याशिवाय, पुढे झुकलेल्या दाढेमुळे शेजारच्या चांगल्या दाढेच्या पाठीमागे अन्न साचून ती किडते. कधी अडकलेल्या दाढेभोवतीच्या आवरणात द्रव साठून पिशवीसारखी गाठ तयार होते आणि ती हळूहळू जबड्याचे हाड पोखरते. मात्र अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वेडेवाकडे होतात, ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत संशोधनात सिद्ध झालेली नाही. केवळ त्या भीतीने दाढ काढण्याचे कारण नाही.

काढावी की राहू द्यावी

त्रास देणारी दाढ काढावी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो त्रास न देणाऱ्या दाढेचा. अमेरिकेत १९७९ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची परिषद भरविली. वारंवार येणारी सूज, न भरता येण्याजोगी कीड, गाठ, शेजारच्या दाताची हानी ही दाढ काढण्याची सबळ कारणे होत, यावर तेथे एकमत झाले. आणि काढायचीच असेल तर ती तरुण वयात काढल्यास त्रास कमी होतो, हेही मान्य झाले. ब्रिटनमधील राष्ट्रीय संस्थेने २००० साली दिलेल्या मार्गदर्शनात आणखी स्पष्ट भूमिका घेतली : रोगविरहित अडकलेली दाढ केवळ पुढे त्रास होईल म्हणून काढण्याची प्रथा बंद करावी. याउलट, अनेक देशांतील शल्यविशारद वय वाढल्यावर हाड कठीण होते आणि जखम सावकाश भरते याकडे बोट दाखवितात.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेला काही ना काही धोका असतोच. तो धोका पत्करण्यासाठी तितकेच सबळ कारण हवे. त्याचबरोबर न काढलेली दाढ म्हणजे विसरून गेलेली दाढ नव्हे. ठराविक काळाने तिची तपासणी होत राहिली पाहिजे.

तपासणी आणि पूर्वतयारी

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला नसता, तर ही शस्त्रक्रिया आजही अंधारातील चाचपणी राहिली असती. संपूर्ण जबडा एकाच पट्टीत दाखविणारे क्ष-किरण चित्र हा आजच्या तपासणीचा पाया आहे. त्यात दाढेचा कल, मुळांची संख्या व वळण आणि भोवतीचे हाड दिसतेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसते ती म्हणजे खालच्या जबड्यातून जाणारी नळी. या नळीतून खालच्या दातांना, ओठाला आणि हनुवटीला संवेदना पुरविणारा मज्जातंतू जातो. चित्रात नळीची पांढरी कड मुळापाशी तुटलेली दिसली, नळी वळलेली दिसली किंवा मूळ त्या जागी काळपट दिसले, तर मूळ आणि मज्जातंतू एकमेकांना खेटून आहेत असे समजावे. अशा वेळी तिन्ही मितींत दाखविणारे संगणकीय चित्रण करून घेतले जाते.

रोग्यानेही काही गोष्टी न विचारताच सांगितल्या पाहिजेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप बदललेली असणे, गर्भारपण, एखाद्या औषधाचे वावडे. तसेच रक्त पातळ ठेवणारी किंवा हाडांची झीज थांबविणारी औषधे चालू असणे, या सर्वांचा शस्त्रक्रियेशी संबंध येतो. मात्र रक्त पातळ करणारे औषध रोग्याने आपल्या मनाने बंद करू नये. तसे करणे दाढेपेक्षा कितीतरी मोठे संकट ओढवून घेणारे ठरू शकते. भारतात आणखी एक अडचण वारंवार आढळते. सुपारी आणि गुटखा यांच्या सवयीने गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी कमी होत जाते. दोन बोटेही आत जात नाहीत अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोहोचविणे निष्णात हातालाही कठीण जाते.

भूल

वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासात दंतवैद्यांचा वाटा मोठा आहे. हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ च्या डिसेंबरात नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. दोन वर्षांनी, १८४६ साली, बोस्टन येथे ईथरचे सुप्रसिद्ध प्रात्यक्षिक करून दाखविणारे विल्यम मॉर्टन हेही दंतवैद्यच होते. पुढे १८८४ साली कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचा उपयोग दाखवून दिला आणि लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूपाशी कोकेन टोचून तो संपूर्ण भाग बधिर करता येतो, हे सिद्ध केले. या प्रयोगांची जबर किंमत त्यांना मोजावी लागली; ते स्वतः कोकेनच्या व्यसनात सापडले. व्यसन न लावणारे प्रोकेन १९०५ साली आले आणि त्याहून प्रभावी लिडोकेन स्वीडनमधील निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली तयार केले. आजही बहुतेक अक्कलदाढा लिडोकेननेच बधिर केल्या जातात. त्यात अल्प प्रमाणात ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव कमी होतो आणि औषध त्या जागी अधिक काळ टिकते.

ही भूल वेदना घालविते, दाब घालवित नाही. जबडा दाबला जात असल्याची जाणीव आणि हाड कोरण्याचा आवाज रोग्याला येतच राहतो. हे आधी समजावून सांगितले म्हणजे निम्मी भीती दूर होते. चारही दाढा एकाच वेळी काढायच्या असतील, दाढ फार खोल असेल किंवा रोगी अतिशय घाबरणारा असेल, तर गुंगीचे औषध किंवा पूर्ण भूल दिली जाते.

शस्त्रक्रियेची पद्धत

शस्त्रक्रियेचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : दाढेला बाहेर येण्यासाठी वाट करून द्यावी, आणि वाट पुरेशी नसेल तर दाढच लहान करावी. हाड जितके कमी काढावे लागेल तितकी जखम लवकर भरते. म्हणून आजचा शल्यविशारद हाडापेक्षा दाढेचे तुकडे करणे पसंत करतो.

प्रथम हिरडीवर छेद घेतला जातो. तो शेजारच्या दाढेच्या मानेभोवतीने जातो आणि मागे जाताना गालाच्या बाजूला वळविला जातो. जिभेच्या बाजूला तो नेत नाहीत. कारण जिभेला संवेदना आणि चव पुरविणारा मज्जातंतू तेथे हाडाला लागून, कधी कधी तर अगदी हिरडीखालूनच जातो. मग हिरडी हाडावरील आवरणासह हळुवारपणे उचलून बाजूला धरली जाते.

उघड्या पडलेल्या हाडातून दाढेभोवती, गालाच्या व मागच्या बाजूने, फिरत्या यंत्राने एक अरुंद चर कोरला जातो. या वेळी त्या जागी निर्जंतुक क्षारजलाची धार सतत सोडावी लागते. कोरताना उष्णता निर्माण होते आणि हाडाचे तापमान सुमारे ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर जरी राहिले, तरी त्यातील पेशी मरतात. दात भरण्यासाठी वापरले जाणारे, हवेच्या झोताने फिरणारे नेहमीचे यंत्र येथे वापरू नये असा नियम आहे. कारण पुढे फेकली जाणारी हवा हिरडीखाली शिरून गाल आणि मान फुगू शकते.

त्यानंतर दाढेचे विभाजन होते. पुढे झुकलेल्या दाढेचा माथा उभा दुभागतात. आडव्या दाढेचा माथा मुळांपासून वेगळा करून आधी काढतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत मुळे पुढे ओढून घेतात. यंत्राने दाढ संपूर्ण आरपार कापली जात नाही. शेवटचा पातळ भाग हत्यार पिळून तोडला जातो, म्हणजे पलीकडच्या मज्जातंतूला पाते लागत नाही. तुकडे वर काढण्यासाठी एलिव्हेटर नावाचे, लहानशा पहारीसारखे हत्यार तरफेप्रमाणे वापरतात. येथे बळाचे काम नाही. जोर लावावा लागतो याचा अर्थच वाट अजून अपुरी आहे, असा घ्यावयाचा असतो. अविचाराने जोर केल्यास खालचा जबडा मोडल्याची उदाहरणेही घडलेली आहेत.

दाढ निघाल्यावर खोबणीतील हाडाचा चुरा धुऊन काढतात, तीक्ष्ण कडा घासून गुळगुळीत करतात, दाढेभोवतीचे आवरण काढून टाकतात आणि हिरडी पूर्ववत बसवून टाके घालतात.

छिन्नी आणि हातोडीचीही एक पद्धत आहे. ब्रिटनमधील विल्यम केल्सी फ्राय यांनी ती योजिली आणि टेरेन्स वॉर्ड यांनी १९५६ साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तीत जिभेच्या बाजूचे पातळ हाड छिन्नीने फोडून दाढ त्या बाजूला बाहेर काढली जाते. तरुण, लवचिक हाडात हे काम फार झटपट होते. परंतु जिभेच्या मज्जातंतूला इजा होण्याचा संभव अधिक, आणि जागेपणी जबड्यावर हातोडीचे घाव सोसणे रोग्याला कठीण. त्यामुळे यंत्र सुलभ झाल्यावर ही पद्धत मागे पडत गेली.

मूळ मज्जातंतूला खेटून असेल तर एक वेगळा मार्ग स्वीकारला जातो. १९८४ साली फ्रान्समध्ये प्रथम मांडण्यात आलेल्या या पद्धतीत केवळ दाढेचा माथा कापून काढतात आणि निरोगी मुळे हाडात तशीच ठेवतात. त्यांवर हळूहळू नवे हाड येते. मुळे काही काळाने थोडी वर सरकतात. क्वचित ती नंतर काढावी लागतात, पण तोवर ती मज्जातंतूपासून दूर आलेली असतात.

वरची अक्कलदाढ काढणे सामान्यतः सोपे असते, कारण तेथील हाड मऊ असते. मात्र तिच्या वरच गालाच्या हाडातील पोकळी असते. मूळ किंवा दाढच त्या पोकळीत ढकलली जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

मज्जातंतूला धक्का बसला तर ओठ, हनुवटी किंवा जिभेची एक बाजू बधिर राहते. ओठांची हालचाल बिघडत नाही, केवळ स्पर्श कळत नाही. बहुतेकांत ही संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते; कायमचा बधिरपणा शंभरात एकाहूनही कमी जणांना येतो. ही शक्यता शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला सांगणे हे शल्यविशारदाचे कर्तव्य होय.

नंतरचे दिवस

टाके घातल्यावर जखमेवर कापडाची एक घडी ठेवून ती अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरण्यास सांगतात. या दाबाने रिकाम्या खोबणीत रक्ताची गुठळी तयार होते. पुढील सर्व पथ्ये या एका गुठळीच्या रक्षणासाठी आहेत, असे म्हटले तरी चालेल. ती नैसर्गिक मलमपट्टी असते. तिच्याच आधाराने नवे मांस आणि पुढे नवे हाड तयार होते.

पहिले २४ तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, नळीने पेय ओढू नये आणि जखमेला जीभ किंवा बोट लावू नये. थुंकण्याने आणि ओढण्याने तोंडात पोकळी निर्माण होऊन गुठळी निसटते. लाळेला दिवसभर किंचित तांबूस रंग येणे स्वाभाविक आहे. परंतु ताजे रक्त वाहत राहिले तर स्वच्छ ओली घडी पुन्हा अर्धा तास चावून धरावी आणि तेवढ्याने न थांबल्यास दंतवैद्याकडे जावे. भूल उतरेपर्यंत, म्हणजे तीन ते पाच तास, गरम पदार्थ घेऊ नयेत. बधिर ओठ किंवा गाल नकळत चावला जातो वा भाजतो. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ कापडात गुंडाळून थोड्या थोड्या वेळाने ठेवावा. उशी उंच घ्यावी.

भूल पूर्णपणे उतरण्यापूर्वीच वेदनाशामकाची पहिली मात्रा घेणे श्रेयस्कर असते. वेदना कोणत्या औषधाने किती कमी होतात, हे तपासण्यासाठी अक्कलदाढेची शस्त्रक्रिया हीच औषधशास्त्रात प्रमाण कसोटी मानली गेली आहे. त्यामुळे या वेदनेविषयी पुष्कळ माहिती उपलब्ध आहे. आयबुप्रोफेन एकट्या पॅरासिटॅमॉलपेक्षा अधिक गुणकारी ठरते आणि दोन्ही मिळून त्याहूनही अधिक. तथापि दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आयबुप्रोफेन वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. प्रतिजैविके प्रत्येक निरोगी रोग्याला लागतातच असे नाही. तो निर्णय वैद्यावर सोपवावा आणि दिल्यास ती मध्येच सोडू नयेत.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून, विशेषतः जेवणानंतर, हलक्या गुळण्या कराव्यात. इतर दात नेहमीप्रमाणे घासावेत. गालाची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरू लागते. जबडा आखडल्याने तोंड कमी उघडते. तेही आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ववत होते. आहारात पेज, मऊ भात, वरण, खिचडी, दही, ताक, कुस्करलेली फळे असावीत. चिवडा, शेंगदाणे, तिखट आणि कडक पदार्थ काही दिवस वर्ज्य समजावेत. न विरघळणारे टाके आठवड्याने काढतात. हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते. खोबण हाडाने भरून येण्यास मात्र काही महिने लागतात.

सूज तीन दिवसांनंतर उतरण्याऐवजी वाढणे, ताप, पू, गिळण्यास अडचण ही धोक्याची चिन्हे आहेत. याहून वेगळा एक त्रास तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उद्भवतो. दुखणे कमी होत आले असतानाच एकाएकी कानापर्यंत जाणारा तीव्र ठणका सुरू होतो आणि तोंडाला दुर्गंधी येते. खोबणीतील गुठळी वेळेपूर्वी विरघळून आतले हाड उघडे पडलेले असते. क्रॉफर्ड यांनी १८९६ साली या विकाराचे ‘कोरडी खोबण’ असे वर्णन केले. साध्या दातापेक्षा खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेनंतर तो कितीतरी अधिक वेळा होतो आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याचे प्रमाण विशेष आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर निदान काही दिवस तरी विडी, सिगारेट आणि तंबाखू यांना स्पर्श करू नये. दंतवैद्य खोबण धुऊन तीत लवंगेच्या तेलातील घटक असलेले औषध भरतो आणि बहुधा थोड्याच वेळात आराम पडतो. दाढदुखीवर लवंग दाबून धरण्याच्या घरगुती रिवाजामागेही तोच घटक आहे.

भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले आणि १९४८ साली दंतवैद्यक व्यवसायाचे नियमन करणारा कायदा झाला. त्यापूर्वी, आणि कित्येक ठिकाणी नंतरही, रस्त्याकडेला बसून चिमट्याने दात उपटणारे लोकच सामान्य माणसाचे दंतवैद्य होते. अक्कलदाढ चिमट्याने उपटता येत नाही. ओढताना तुटलेले तिचे मूळ हाडात राहून वर्षानुवर्षे पू धरते. सुश्रुताने वर्णिलेली मागच्या दाढेची सूज आजही तीच आहे. फरक पडला आहे तो इतकाच की, हाडाच्या आत काय आहे हे आता आधी पाहता येते, वेदनेवाचून तेथवर पोहोचता येते आणि केव्हा हात लावू नये हेही कळू लागले आहे. त्यानंतरचे काम शरीर स्वतःच करते. त्याला आठवडाभर स्वस्थ राहू देणे एवढेच रोग्याच्या हाती असते.